इनास नावाचा बेलझेबुब

सैतानाला मी चांगली ओळखत होते. तो माझ्या शाळेची कौलं शाकारायला यायचा.

हे वाक्य मी कुठेही बोलले की लोक हसतात. मग मी त्यांना इनासची सगळी हकिगत सांगते आणि शेवटी हसणारे गप्प होतात. मला स्वतःला ती सांगताना अजून हसू येत नाही. इतकी वर्षं झाली तरी त्या दोन वर्षांत बसलेले धक्के ताजेच आहेत.

गावाचं नाव सांगत नाही. वसईच्या किनाऱ्यावर, पाचूबंदर सोडून उत्तरेला चालत निघालं की लागणारा एक कोळीवाडा, एवढं पुरे. तिथली माणसं अजून आहेत आणि मला अजून त्यांच्याकडून सुके बोंबील घ्यायचे असतात. मी आगाशीची, वाडवळाच्या घरातली. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत वाढलेली. स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. ट्रेनिंग करून मी शिक्षिका झाले आणि पहिलीच नेमणूक ह्या कोळीवाड्यातल्या शाळेत झाली. गाव सगळं ख्रिस्ती कोळ्यांचं. चर्चला ते देऊळ म्हणत. पहिल्या दिवशी मी देऊळ शोधत निघाले आणि समोर क्रूस बघून उगाच वैतागले होते.

इनास मला भेटला तो शाळेच्या छपरावर. मी वर्गात शिरले तेव्हा वरून कौलांच्या फटीतून एक काळंसावळं तोंड खाली डोकावलं आणि म्हणालं, "बाई, तुमी शिकवा. मी हाय म्हनून थांबू नका." पन्नाशीच्या आतबाहेरचा, सडपातळ, गुडघ्यावर धोतर, डोक्यावर कोळ्यांची लाल टोपी. बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. बायको मागेच वारली होती. घरात तो आणि त्याची मुलगी कार्मेलीन, दोघंच.

मदतीला जाण्यात गावात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुणाचं जाळं फाटलं, कुणाची होडी ओढायची आहे, कुणाच्या घरात आजारपण आहे, की हाक जायची इनासला. आणि त्याचं ते हाकेला ओ देणं! असं मी दुसऱ्या कुणाचंच ऐकलं नाही. एरवी पुटपुटणारा हा माणूस हाक ऐकली की छाती भरून "ओ!" म्हणायचा. ती ओ खाडीपलीकडे ऐकू जायची. हाक ऐकली आणि उत्तर दिलं नाही, असं त्याच्याकडून कधी झालं नव्हतं. कुणाच्या दारात तो न बोलावता पाऊल टाकत नसे. अंगणात उभा राहायचा आणि आतून कुणी नाव घेतलं की मगच उंबऱ्यावर यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, शाळा आहे ही, सरळ आत या." तर म्हणाला, "हाक मारल्याबिगर शिरनारा पाव्हना नसतो, बाई."

दुसरी गंमत म्हणजे तो माशी मारत नसे. कोळीवाड्यात बोंबील वाळवायच्या दिवसांत माश्यांना काही तोटा नाही. बांबूच्या वलांडींवर बोंबलांच्या रांगाच्या रांगा टांगलेल्या असतात आणि बायका दिवसभर झावळ्या हलवत बसतात. माशी बसली की मालात अळी पडते आणि वर्षाचं पोट बुडतं. इनास मात्र आपल्या वलांडीवरच्या माशीला हाताच्या पंज्याने उडवून लावी आणि समजुतीने सांगे, "जा बाय, दुसरं घर बघ." पोरं त्याची नक्कल करत. बायका म्हणत, "सरदार आपल्या फौजेला कसा मारील?"

गावात सगळे त्याला सरदारच म्हणत. मला वाटलं, चेष्टेतलं नाव असेल. तसं ते होतंच, पण त्याच्या मागचं कारण कळलं तेव्हा मी पहिल्यांदा हबकले.

पावसाळा सरत आला, बोंबलाचा हंगाम तोंडावर आला, की गावात देवळाच्या पटांगणात एक खेळ व्हायचा. फार पूर्वी कुणा गोऱ्या पाद्र्याने तो बसवून दिला होता म्हणे. त्यात देवदूतांची आणि सैतानांची लढाई. सैतानांचा राजा लुसिफर. पण खरं काम त्याच्या सरदाराचं, बेलझेबुबाचं. फादरांनी मला समजावून सांगितलं की युरोपातल्या जुन्या पोथ्यांत नरकाचा चांगला दरबार रचलेला आहे, राजा, सरदार, मानकरी सगळं. त्यात हा बेलझेबुब लुसिफरच्या खालोखाल. माश्यांचा धनी. चित्रांत त्याला भल्यामोठ्या माशीसारखा काढतात. "आणि मजा बघा," फादर म्हणाले, "मुळात तो कुठल्याशा दूरच्या गावचा देव होता. शेजाऱ्यांनी त्याला सैतान करून टाकलं."

इनास तिथेच मांडवाचा खांब रोवत होता. तो हातातली पहार टेकवून म्हणाला, "म्हंजे त्याच्या नावानं हाक मारनारं कोन उरलं नाय. बिचारा." सैतानाला बिचारा म्हणणारा कॅथलिक मी तोवर पाहिला नव्हता. फादरही जरा दचकले.

लुसिफरचं काम पिढ्यान्‌पिढ्या पाटलाच्या घरात होतं. पाटलाने जरीचा अंगरखा घालून खुर्चीवर बसायचं, एकदा गर्जना करायची, की झालं काम. बेलझेबुबाचं काम मात्र कुणालाच नको असे, म्हणून ते इनासकडे. सोंग तो स्वतः तयार करी. जुन्या जाळ्याचे पंख, पत्र्याचा मुकुट, आणि डोळ्यांवर गेरूने रंगवलेल्या दोन करवंट्या. हे सोंग तो घरात ठेवत नसे. स्वच्छ फडक्यात बांधून अंगणातल्या भेंडीच्या झाडाला टांगून ठेवी.

खेळाच्या आधी महिनाभर तो माझ्या वर्गाच्या खिडकीखाली बसू लागला. मला वाटलं, म्हाताऱ्याला शिकायची हौस आली. मी विचारलं तर म्हणाला, "सैतान कसा बोलतो ते शोधतंय, बाई. वरडून बोलत नसनार. वरडतो तो दमलेला मानूस. सैतान तुमाला बसाया पाट देईल, पानी देईल." मी म्हटलं, छान, शोधा.

खेळाच्या दिवशी दुपारी सगळा गाव पटांगणात. मी पुढच्या रांगेत, शाळेची बाई म्हणून मानाने बसलेली. पाटलाची गर्जना झाली. मग जाळ्याचे पंख ओढत बेलझेबुब आला. तो ओरडला नाही की नाचला नाही. हात मागे बांधून, मान किंचित तिरकी करून, लोकांपुढे येऊन उभा राहिला आणि स्वच्छ, शुद्ध, एकेका अक्षराला तोलून म्हणाला, "बसा ना आपण. मी रागावत नाही हं. मला फक्त वाईट वाटतं."

हे माझं वाक्य होतं! वर्गात पोरांनी दंगा केला की मी रोज हेच म्हणत असे, अशीच मान तिरकी करून. मागून एक पोर फिसकन हसलं आणि अख्खं पटांगण माझ्याकडे बघून हसायला लागलं. मी लाल झाले. पण हसणं ओसरल्यावर तो त्याच आवाजात एकेकाला नाव घेऊन विचारू लागला, "भावाशी भांडलास ना? भांड, भांड, मी काही सांगणार नाही," आणि हसणारी माणसं हळूहळू गार पडत गेली. माझ्या प्रेमळ वाक्यात इतका धाक भरलेला आहे, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी पुन्हा आयुष्यात उच्चारलं नाही.

पण खरा धक्का पुढे होता. देवदूताने तलवार उगारली, घंटा वाजली, आणि बायका उठल्या. कुणाच्या हातात केरसुणी, कुणाच्या हातात मासळीची पाटी, कुणाच्या हातात सुकलेली माशांची डोकी. बेलझेबुबाला गावातून हाकलून समुद्रात घालायचं, म्हणजे वर्षभर वलांडीवर माशी बसत नाही, अशी त्यांची समजूत. मला वाटलं, लुटूपुटीचं मारतील. कसलं काय! सकाळी ज्याच्याकडून जाळं शिवून नेलं त्याच्याच पाठीवर त्या दात खाऊन केरसुण्या घालत होत्या. एका पाटीची कड लागून इनासची भुवई फुटली. एक तरणी बाई, तिचं मूल पावसाळ्यात तापाने गेलेलं, ती तर रडत रडत मारत होती, थांबतच नव्हती. इनास पळत होता, पण तिच्यापुढे जरा हळू पळत होता. मी हे नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलंही. म्हणाला, "तिला मारायला कोनतरी पायजे व्हता, बाई. देवाला तर मारता येत नाय."

मी सुन्न होऊन घरी आले.

तर, समुद्रात गळ्यापर्यंत पाण्यात तो उभा राहिला, की सगळ्या गावाने त्याच्याकडे पाठ करायची आणि मागे न बघता देवळाकडे परतायचं. तेव्हापासून त्याला नाव नाही. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. थोड्या वेळाने तो ओल्या अंगाने देवळाच्या पायरीखाली येऊन डोळे मिटून उभा राहतो. पायरीवर त्याची धर्ममाता बसलेली असते, बाप्तिस्म्याच्या वेळी जिने त्याला हातात धरून नाव दिलं ती. तिनेच पाणी शिंपडून नावाने हाक मारायची. ज्याने नाव दिलं त्यानेच ते परत द्यायचं, असा रिवाज.

इनासची धर्ममाता म्हणजे रोजाबाय. चेहऱ्यावर सुरकुत्यांना जागा उरलेली नव्हती, इतकी म्हातारी. तिने तांब्यातलं पाणी उडवलं आणि चिरक्या आवाजात हाक मारली, "इनास!"

"ओ!"

आणि काय सांगू, सगळं गाव त्याच्यावर धावलं. ज्या बायकांनी मारलं होतं त्याच त्याचं अंग पुसत होत्या, तोंडात वडे कोंबत होत्या. ती तरणी बाई त्याच्या भुवईला हळद लावत होती. मी मनात म्हटलं, ही माणसं एक तर वेडी आहेत किंवा माझ्यापेक्षा शहाणी.

पुढच्या वर्षी त्याचं उत्तर मिळालं.

रोजाबाय त्या वर्षभरात फारच थकली होती. गावात कुजबुज होती की आता दुसऱ्या कुणीतरी, ज्याची धर्ममाता धडधाकट आहे अशाने, सोंग घ्यावं. पाटलाने विचारलंही. पटांगणात एकही हात वर झाला नाही. इनास म्हणाला, "ऱ्हावदे. रोजाबायला हाक मारन्याइतका दम हाय."

खेळ झाला. मार झाला. समुद्र झाला. आम्ही पाठ फिरवून, गाणं म्हणत परतलो. रोजाबाय पायरीवरच्या खुर्चीत, मांडीवर तांब्या धरून, मान खाली घालून बसली होती. डुलकी लागली असेल असं सगळ्यांना वाटलं. इनास आला, अंगावरून पाणी गळतंय, पायरीखाली उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले.

आम्ही वाट बघतोय. हाक येईना.

कुणीतरी हळूच म्हणालं, "रोजाबाय, मार की हाक." कार्मेलीनने पुढे होऊन तिच्या खांद्याला हात लावला. तांब्या मांडीवरून सुटला आणि पायऱ्यांवरून खणखणत खाली आला. पाणी इनासच्या पायाशी सांडलं. रोजाबाय गेलेली होती.

एकही बाई रडली नाही. नंतर रडल्या, पण त्या घटकेला नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मग इनासकडे. त्या नजरा मी विसरू शकत नाही. सगळे पायऱ्या चढून तिच्याभोवती गोळा झाले, तिला उचलून आत नेलं, आणि इनास तिथेच उभा. डोळे मिटलेलेच. त्याला हाक आली नव्हती ना! अंधार पडेपर्यंत तो उभा होता. शेवटी मी आणि कार्मेलीनने त्याच्या अंगावर चादर टाकून त्याला हाताने धरून घरी नेलं. उंबऱ्याशी आल्यावर तो थांबला आणि आत गेला नाही. भेंडीखाली बसला.

मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. फादर तर खवळलेच. रविवारी देवळात त्यांनी गावाला चांगलं झापलं की हा अडाणीपणा आहे, म्हातारी वयाने गेली. लोकांनी माना डोलावल्या. बाहेर आल्यावर इनासला बघून रस्ता बदलला. शेवटी फादर स्वतः भेंडीखाली गेले, तिथेच बसून त्याची पापकबुली ऐकली, त्याला क्षमा दिली आणि म्हणाले, "चला आता, आत चला." मी जवळच होते. इनास हात जोडून म्हणाला, "देवानं माफ केलं, फादर, त्यात वाद नाय. देव सगल्यांना वलखतो. पन गावात मना कोन वलखतो? हाक मारल्याबिगर मी कोनाच्या घरात शिरलो नाय, मंग देवाच्या कसा शिरू?"

फादर झगा झटकत उठले आणि निघून गेले. ते तरुण होते, नवीन होते. मला मात्र संताप आला. एवढा मोठा माणूस आणि हा काय हट्ट! दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावर होडीला डांबर लावत होता. मी लांबूनच, वर्गात मारते तशी खणखणीत हाक मारली, "इनास!"

त्याने मान वर केली. ओठ हलले. पण ओ आली नाही. माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता की मलाच लाजल्यासारखं झालं. जवळ गेले तेव्हा म्हणाला, "तुमी नाव दिलं नाय, बाई. तुमच्यानं परत कसं येईल?" ज्या माणसाने आयुष्यात एक हाक वाया जाऊ दिली नव्हती, त्याने माझी हाक वाळूत पडू दिली. मी शाळेत परत आले आणि पोरांना लवकर सोडून दिलं.

तरीही मला वाटत होतं की गाव मार्ग काढील. गाव मायाळू होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मग बोंबलाचा हंगाम सुरू झाला, आणि त्या वर्षी काय व्हावं? वलांडीवर माश्या नाहीत! अगदी नाहीत असं नव्हे, पण नेहमीच्या मानाने काहीच नाहीत. त्या वर्षी वारा कोरडा होता, उत्तरेचा, दिवसरात्र वाहत होता. मासळी दोन उन्हांत कडकडीत वाळत होती. मी हे चारचौघींना समजावून सांगितलं. त्या हो म्हणाल्या आणि हसल्या.

पाटलाकडे मी मुद्दाम गेले. म्हटलं, तुम्ही गावाचे कारभारी, चार जुनी माणसं बसवा, ह्या रिवाजातून काहीतरी वाट काढा. दुसऱ्या कुणाला हाक मारू द्या. पाटील अंगणात बसून होता, समोर वाळलेल्या बोंबलाचे गठ्ठे. तो शांतपणे म्हणाला, "यंदा माशी कुटं हाय, बाई? सरदार परत आला नाय, म्हनून फौजबी परत आली नाय. मंग त्याला घाईघाईनं कशाला बोलवायचा? ऱ्हावदे हंगाम सरेतोवर. त्याला काय कमी हाय?"

मी थक्क झाले. भीती समजू शकते. भित्र्या माणसावर रागावता येत नाही. पण ही भीती नव्हती. ह्यांचा माल चांगला वाळत होता, म्हणून एक माणूस बिननावाचा राहिला तरी ह्यांना चालत होतं. "पाटील," मी म्हटलं, "खेळ कधीच संपला. तुम्ही मात्र अजून लुसिफरच्या खुर्चीवरून उठला नाहीत." तो चिडला नाही. म्हणाला, "तुमी आगाशीच्या. तुमच्या केलीला माशी लागत नाय." त्यांचं वर्षाचं पोट त्या वलांडीवर टांगलेलं होतं हे खरंच होतं.

आणि इनास? तो सगळ्यांची कामं पूर्वीसारखीच करत होता. फरक इतकाच की आता कुणी हाक मारत नसे, काम अंगणात ठेवून जात. फाटलं जाळं त्याच्या भेंडीखाली आणून टाकायचं आणि निघून जायचं. सकाळी शिवून तयार. तो जेवायचा बाहेर, झोपायचा बाहेर. कार्मेलीन आतून ताट आणून देई. एके दिवशी मी तिथे असताना त्याच्या हातावर एक चुकार माशी बसली. तो तिला उडवीना. नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "तू तरी आलीस."

कार्मेलीनचं लग्न आधीच ठरलेलं होतं. मुलगा अर्नाळ्याचा, होडीवाल्या घरातला, चांगला होता. नाताळ होऊन गेल्यावर, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत लग्न करायचं ठरलं. मुलीला देवळात हाताला धरून नेतो तो बाप. आता हिला कोण नेणार? पाटलाने परस्पर ठरवून टाकलं की मी नेतो. इनासने मान डोलावली. कार्मेलीन ताटं उचलून आत गेली. ती बापासारखीच, कमी बोलणारी. मी तिला लग्नाच्या आदल्या दिवशी विचारलं, "तुला हे चालतं?" ती तांदूळ निवडत होती. खाली मान घालून म्हणाली, "मी रागवत नाय, बाई." आणि पुढचं वाक्य तिने गिळलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी बाजा वाजत होता. अर्नाळ्याची मंडळी आत जाऊन बसली होती. पटांगणाच्या कडेला, उन्हात, इनास उभा. नवा पांढरा सदरा, आणि पायात बूट. आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले असावेत. आत जायचं नाही हे ठरलेलं असताना हा माणूस बूट घालून आला होता, ह्याने माझे डोळे भरून आले.

कार्मेलीन पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळीचा पदर घेऊन पायऱ्या चढली. दाराशी पाटील उभाच होता. त्याने हात पुढे केला. तिने तो बघितला आणि बाजूने निघून दारातल्या पवित्र पाण्याच्या कुंडीशी गेली. दोन्ही हात तिच्यात बुडवले, ओंजळ भरली आणि वळून पायऱ्या उतरायला लागली. बाजा थांबला. ओंजळीतलं पाणी तिच्या साडीवर ठिबकत होतं. ती पटांगण तुडवत बापासमोर जाऊन उभी राहिली. त्याने घाबरून डोळे मिटले. तिने पाणी त्याच्या तोंडावर उडवलं आणि हाक मारली.

"इनास!"

बापाचं नाव! लग्नाच्या दिवशी, भर देवळासमोर, मुलीने बापाला एकेरी नावाने हाक मारली. मागे एका म्हातारीच्या तोंडून "देवा रे!" निघालं. माझाही हात तोंडावर गेला. आमच्या आगाशीत कुणी असं केलं असतं तर तिला घरात घेतलं नसतं. पाटील पायरीवरून ओरडला, "कार्मेलीन! बापाचं नाव घेतंस?"

"बापाचंच घेतंय," ती मागे न बघता म्हणाली. "तुमचं नाय."

इनासची मिटलेली पापणी थरथरत होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, पण पटांगण इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "ज्यानं नाव दिलं त्यानंच परत द्यायचं, हेच ना? मंग माज्या नावापुडं तुमचं नाव कोनी दिलं? तुमी. तुमी दिलेलं मी सांबालून ठेवलंय. आता मी तुमचं तुमाला देतंय, बाबा." आणि मग पुन्हा, सगळा श्वास घालून, "इनास!"

त्याने तोंड उघडलं. आवाज फुटेना. इतक्या दिवसांत त्या गळ्याने ओ दिली नव्हती. मला वाटलं, माझी हाक पडली तशी हीही पडणार, आणि ही पोर इथेच कोसळणार. दारात येऊन उभा राहिलेला नवरा मुलगा, फादर, बाजेवाले, सगळे त्या एका उघड्या तोंडाकडे बघत होते.

"ओ," तो म्हणाला. अगदी बारीक. मग डोळे उघडले, मुलीकडे बघितलं, आणि छाती भरून म्हणाला, "ओ!"

ती ओ खाडीपलीकडे गेली असणार. रडायला सुरुवात कुणी केली कळलं नाही. मुलीने बापाचा हात धरला आणि ती दोघं पायऱ्या चढली. बापाने मुलीला न्यायचं असतं, इथे मुलगी बापाला नेत होती. त्याचे नवे बूट करकर वाजत होते आणि तो लाजून प्रत्येक पाऊल जपून टाकत होता. पाटील बाजूला झाला. इनास उंबऱ्याशी थबकला. आतून फादर म्हणाले, "इनास, या." तेव्हा तो आत गेला.

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला त्याच्याकडे गेले. वारा बदलला होता. वलांडींवर माश्या होत्या, दर वर्षी असतात तितक्या, आणि बायका निमूटपणे झावळ्या हलवत होत्या. इनास भेंडीखाली बसून काहीतरी शिवत होता. मला वाटलं, कुणाचं तरी जाळं असेल. जवळ जाऊन बघते तर ते पंख!

मी जवळजवळ किंचाळले, "इनास, परत? एवढं सगळं होऊन परत?"

तो सुईत दोरा ओवत होता. म्हणाला, "पाटील आला व्हता काल. हात जोडत व्हता. दुसरा कोन तयार नाय. आनि बायकांनी तरी कोनाला मारायचं, बाई?"

"आणि हाक कोण मारणार?"

"कार्मू येईल ना अर्नाल्याहून." मग दोरा दाताने तोडून हसला. "आनि ती नाय आली तर मी पान्यातच बरा."

मी रागाने निघून आले. टांग्यात बसले, सामान चढलं, टांगा चिंचेच्या वळणाला लागला. तिथून मागे वळून बघितलं तर तो वलांडीपाशी उभा होता, पंज्याने माश्या उडवत, त्यांना काहीतरी सांगत. माझा राग कुठल्या कुठे गेला. माझी एक हाक त्याच्याकडे बाकी होती. मी टांग्यात उभी राहिले. टांगेवाला "बाई, पडाल!" म्हणून ओरडला. मी तोंडाभोवती हात धरले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली.

त्याने हात वर केला. टांगा वळला आणि तो दिसेनासा झाला. त्यानंतर चिंचेच्या आडून ओ आली.